सगळ्यात मागच्या मुलाला धरून आखा: स्काउट पथकाची पहिली साहसी सहल

पथक नव्यानं हातात आलं की पहिला प्रश्न पडतो, "कुठे जायचं?" मग फोटो बघितले जातात, ओळखीच्या ट्रेकर मंडळींना फोन होतात, कुणीतरी एखादा अवघड सुळका सुचवतो आणि ठिकाण ठरूनही जातं. मुलं कोण आहेत, त्यांतल्या किती जणांनी पाठीवर सॅक घेऊन सलग दोन तास चाललेलं आहे, हे सगळं त्यानंतर आठवतं. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करा. पथकात सगळ्यात हळू चालणारं, लवकर थकणारं किंवा पटकन घाबरणारं मूल कोणतं ते आधी बघा. अंतर, चढ, ओझं, निघायची वेळ, परत फिरायची वेळ, सगळं त्या मुलाच्या मापानं कापायचं.

यावर नेहमीची शंका येते की मग तगडी मुलं कंटाळतील. त्यांना नुसतं चालवलंत तर कंटाळतील हे खरं. पण नकाशा त्यांच्या हातात दिला, वाट शोधायचं काम दिलं, मागं पडणाऱ्या मित्राच्या सॅकमधला तंबू त्यांच्या सॅकमध्ये टाकला, की त्यांनाही पुरेसा घाम फुटतो. आव्हान वाढवायचं असेल तर किलोमीटर न वाढवता जबाबदारी वाढवता येते.

आधी पथकाची वही

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक मुलासमोर चार गोष्टी लिहा: वय, आजवर काय केलंय, तब्येतीचं काही आहे का, आणि भीती कशाची वाटते. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण सहल बहुतेकदा तिथेच अडते. अंधाराची भीती असलेला मुलगा पहिल्याच मुक्कामात रात्रभर जागा राहिला तर दुसऱ्या दिवशी चालताना सगळ्यात मागे तोच असणार.

वयाप्रमाणे ढोबळ अंदाज असा. साधारण ६ ते १० वर्षांची, म्हणजे कब-बुलबुलच्या वयाची मुलं चालण्यापेक्षा थांबण्यात जास्त रमतात. ओढ्याकाठी अर्धा तास दगड उलटून किडे बघणं हे त्यांचं साहस. त्यांना शिखर दाखवायची घाई करू नये. १० ते १४ च्या मुलांसाठी घराबाहेरची पहिली रात्र, स्वतः उभा केलेला तंबू, स्वतः रांधलेलं जेवण एवढं भरपूर होतं. १४ च्या पुढे दोन-तीन रात्रींचा फिरता मुक्काम, स्वतः आखलेली वाट, सायकलचा लांब पल्ला असं काही जमू लागतं. त्याहून मोठ्या, रोव्हर-रेंजर वयाच्या मुलामुलींना तर आखणी पूर्ण सोपवावी आणि आपण प्रश्न विचारणाऱ्याच्या भूमिकेत बसावं.

वय मात्र फसवं असतं. कधी दहावीतला मुलगा पहिल्या चढाला दम टाकतो आणि सहावीतली मुलगी बडबडत वर पोचलेली असते. म्हणून मोठी सहल ठरवण्याआधी दोन-तीन तासांची एक छोटी फेरी काढा, सॅकसकट. त्यातून कळतं तेवढं दहा अर्ज भरून घेतले तरी कळत नाही.

प्रकार निवडताना

पायी भटकंती आणि मुक्काम हा पहिल्या वर्षाचा पाया. यात चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. पाय दुखले तर बसता येतं, वाट चुकली तर मागे फिरता येतं. पाण्यात आणि दोरावर तसं नसतं. तिथे चूक आणि तिचा परिणाम यांत मिनिटाचंही अंतर नसतं.

म्हणून नौकाविहार, राफ्टिंग, प्रस्तरारोहण, गुहा असले प्रकार प्रशिक्षित आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षकाशिवाय करू नयेत, मग तुम्ही स्वतः कितीही अनुभवी असा. बाहेरच्या संस्थेला काम देताना थेट विचारा: प्रशिक्षकांचं प्रमाणपत्र कशाचं आहे, एका प्रशिक्षकामागे किती मुलं, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट मुलांच्या मापाची आहेत का, दोर आणि हार्नेस किती जुने, विमा आहे का, आणि हवा बिघडली तर रद्द कोण करतं. उत्तरं नीट मिळाली तर पुढे बोला. "काही होत नाही हो, लहान लहान पोरं करतात," असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

पाण्याच्या प्रकारात सगळ्यांची पोहण्याची चाचणी आधीच घ्यावी आणि ती अंगात कपडे असताना घ्यावी, कारण पडताना कुणी पोहण्याच्या पोशाखात पडत नाही. लाइफ जॅकेट मात्र चांगल्या पोहणाऱ्यालाही चुकत नाही. १५ अंशांखालच्या गार पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात ओढला जातो, आणि ते पहिलं मिनिट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं.

सायकल सहलीकडे पथकं उगाच दुर्लक्ष करतात. अंतर कापल्याचा आनंद मोठा, सॅकचं ओझं पाठीवर नाही, आणि पंक्चर काढायला शिकलेलं मूल आठवडाभर ऐटीत असतं. धोका एकच पण मोठा, तो रहदारीचा. वाहनं कमी असलेला रस्ता मिळत नसेल तर बेत सोडून द्यावा.

उंच डोंगरांचा मोह मोठ्या मुलांना होतोच. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असा पर्वतीय वैद्यकातला संकेत आहे. म्हणजे अशी सहल चार दिवसांच्या सुट्टीत बसत नाही. सुट्टी तेवढीच असेल तर डोंगर बदला. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, जेवण नको झालंय, तर त्याला आणखी वर न्यायचं नाही, आणि त्रास वाढला तर खाली उतरवायचं, रात्र असली तरी.

मुलांना ठरवू द्या, पण कुंपण घालून

स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे प्रायोगिक शिबिर घेतलं, त्यात वीसेक मुलं होती आणि त्यांची चार पॅट्रोल, म्हणजे छोटे गट, केलेली होती. लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू या पाणपक्ष्याच्या नावांची. उच्चभ्रू शाळांतली मुलं आणि कामगार वस्तीतली मुलं मुद्दाम एकत्र आणली होती, आणि प्रत्येक पॅट्रोलचा नेता त्यांच्यातलाच एक मुलगा होता. स्काउटिंगची सगळी इमारत या छोट्या गटावर उभी आहे. तरी आजही किती पथकांत सहल मोठी माणसं ठरवतात आणि मुलांना फक्त "काय काय आणायचं" याची यादी मिळते.

त्याऐवजी असं करा. कुंपण तुम्ही घाला: तारखा या, दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, प्रवास तीन तासांच्या आत, खर्च एवढ्याच्या आत, पाणी आणि दोर नाही. त्या कुंपणाच्या आत काय करायचं हे प्रत्येक पॅट्रोलनं ठरवून पुढच्या बैठकीत मांडायचं, नकाशासकट. नुसता हात वर करून कौल घेतला तर सगळ्यात मोठ्या आवाजाचं पोर जिंकतं. म्हणून मांडणी झाल्यावर चिठ्ठ्या टाकायला लावा.

या बैठकीत गप्प बसायची सवय लावून घ्या. एखाद्या पॅट्रोलनं दोन दिवसांत चाळीस किलोमीटरचा बेत आणला तर "शक्य नाही" म्हणू नका. "मग पहिल्या रात्री कुठे पोचाल, किती वाजता, आणि अंधारात तंबू कोण लावेल?" एवढं विचारा. दहा मिनिटं आपसात कुजबुज चालते आणि चाळीसाचे अठरा होऊन येतात. हे अठरा त्यांचे स्वतःचे असतात, त्यामुळे वाटेत "दादा, अजून किती?" हा प्रश्नही निम्म्यानं कमी येतो.

जागा आधी पायाखाली घाला

जिथे मुलांना न्यायचं तिथे किमान दोन मोठ्यांनी आधी जाऊन यावं, शक्यतो त्याच ऋतूत. इंटरनेटवरची माहिती पाहणीला जाण्यापुरती बरी. पाणी त्या महिन्यात खरंच आहे का, वाटेत कुठून खाली उतरून रस्त्याला लागता येतं, फोनला रेंज कुठे मिळते आणि कुठे संपते, गाडी कुठपर्यंत येते, जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे सगळं जागेवर उभं राहून लिहायचं. वनखात्याची किंवा जागामालकाची परवानगी लागते का, शेकोटी चालते का, हेही याच फेरीत विचारून घ्या आणि उत्तर लेखी मिळवा.

ओढा ओलांडायचा असेल तर त्याच्या वरच्या अंगाला किती मोठं पाणलोट आहे ते नकाशावर बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर पडलेल्या पावसाचं पाणी अचानक येऊ शकतं. परतीची वाट अशा ओढ्यावर अवलंबून असेल तर दुसरी वाट हवीच. आणि मुक्काम कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही नाही, जमीन कितीही सपाट आणि मऊ दिसली तरी.

नवख्या पथकासाठी स्काउटिंगचीच कायमस्वरूपी शिबिरस्थळं किंवा प्रशिक्षण केंद्रं उत्तम. जगभर अशी केंद्रं आहेत. स्वित्झर्लंडमधलं कांडरस्टेग तर १९२३ पासून देशोदेशीच्या पथकांना जागा देतंय. पाणी, शौचालय, मदतीला माणसं असं सगळं तिथे असतं, त्यामुळे तुमचं लक्ष मुलांकडे राहतं. पहिल्याच मुक्कामाला रानात जाण्यात मोठेपणा नाही.

वेळेचं गणित

इथे जरा थांबू, कारण अंधारात अडकलेल्या बहुतेक सहलींची सुरुवात घरी बसून केलेल्या चुकीच्या बेरजेनं होते.

स्कॉटलंडमधले गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा आडाखा दिला. आजच्या मापात तो असा: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजल्या की चढ कळतो. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर असेल आणि वाट दहा रेषा ओलांडून वर जात असेल तर २०० मीटर चढ.

समजा वाट ९ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ४५० मीटर. ९ किलोमीटरला १ तास ४८ मिनिटं, चढाला ४५ मिनिटं. बेरीज २ तास ३३ मिनिटं. पण हा हिशेब धडधाकट, सरावाच्या, मोठ्या माणसाचा. सॅक घेतलेल्या मुलांच्या गटासाठी मी त्याची सरळ दीडपट करतो, म्हणजे ३ तास ५० मिनिटं. तासाला दहा मिनिटं विसावा धरला तर साधारण ४० मिनिटं, जेवणाला ४५. झाले सव्वापाच तास. अडीच तासांची वाट असं जिला आपण म्हणत होतो, ती प्रत्यक्षात सव्वापाच तासांची आहे.

आता उलटं मोजा. सूर्य सहाला मावळणार असेल तर मुक्कामी चार वाजता पोचायचं, म्हणजे तंबू आणि स्वयंपाक उजेडात होतो आणि काही अडलं तर दोन तास हाताशी राहतात. चारमधून सव्वापाच तास वजा केले की पावणेअकरा. ही झाली निघायची शेवटची वेळ, ठरवलेली वेळ नव्हे. ठरवलेली वेळ नऊ. हा सगळा हिशेब मुलांकडून करून घ्या. प्रत्येक टप्प्याची जागा, अंतर, चढ आणि पोचायची वेळ एका पुठ्ठ्यावर लिहायची आणि तो पुठ्ठा पॅट्रोल लीडरच्या खिशात. त्यातच एक ओळ लाल शाईनं: "अमुक वाजेपर्यंत खिंडीत पोचलो नाही तर मागे फिरायचं." ही ओळ घरी लिहायची असते. वर पोचल्यावर, शिखर समोर दिसत असताना, ती कुणालाही लिहिता येत नाही.

छोटी फेरी काढली असेल तर तिथला प्रत्यक्ष वेग दीडपटीच्या जागी वापरा. वेग कुणाचा धरायचा? सगळ्यात मागे पोचलेल्याचा.

मोठी माणसं, कागद आणि पैसे

किती मुलांमागे किती मोठे हे तुमच्या संघटनेच्या नियमांत लिहिलेलं असतं, ते पाळाच. पण नियम काहीही असो, रानात दोन मोठी माणसं मला कमी वाटतात. एखाद्या मुलाचा पाय मुरगळला आणि एक जण त्याच्याबरोबर रुग्णालयात गेला की उरलेल्या सगळ्या मुलांपाशी एकटाच माणूस राहतो. म्हणून तीन. त्यांतल्या निदान एकाचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ताजं असलं पाहिजे. मुली असतील तर बरोबर महिला लीडर हवीच.

मुलांच्या सुरक्षेबाबत जागतिक स्काउट संघटनेचं स्वतंत्र धोरण आहे आणि जवळपास प्रत्येक देशातल्या संघटनेचे त्याला धरून नियम आहेत. मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहायचं नाही, मोठ्यांचे आणि मुलांचे तंबू वेगळे, कपडे बदलायच्या आणि आंघोळीच्या जागा वेगळ्या, मुलांचे फोटो परवानगीशिवाय कुठे टाकायचे नाहीत. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही, आणि चांगला लीडर हे नियम ऐकून रागावतही नाही.

पालकांकडून लेखी संमती आणि आरोग्यपत्रक घ्या. ॲलर्जी, दमा, फिट्स, चालू औषधं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, सगळं त्यात यावं. शेवटच्या दोन गोष्टी पालक कागदावर लिहायला लाजतात, म्हणून प्रत्येकाशी पाच मिनिटं एकट्यानं बोलावं. मुलींना पाळीची सोय कुठे आणि कशी असेल हे निघण्याआधीच महिला लीडरनं सांगून ठेवावं. दम्याचा पंप असलेल्या मुलाचा पंप त्याच्याच खिशात हवा, मागच्या गाडीतल्या बॅगेत नको.

पत्रकांच्या प्रती दोन. एक तुमच्याबरोबर, दुसरी घरी थांबलेल्या माणसाकडे. या घरच्या माणसाकडे वाटेचा नकाशा, नावांची यादी आणि एक वेळ द्यायची: "रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर अमुक नंबरांवर कळव." ही वेळ थोडी सैल ठेवा, नाहीतर रेंज नाही म्हणून उगाच गावभर गोंधळ.

पैशांचं थोडक्यात: प्रवास, परवानग्या, जेवण, इंधन, सामूहिक सामान यांची बेरीज करून वर दहा टक्के राखीव धरा. ज्यांना पूर्ण रक्कम जमणार नाही त्यांचं बाकीच्या मुलांना कळणार नाही अशा पद्धतीनं जमवा. आणि सामान विकत घ्यायची यादी पालकांच्या हातात ठेवू नका. पहिल्या वर्षी तंबू, स्टोव्ह, झोपायच्या पिशव्या पथकाकडून किंवा उसन्या मिळायला हव्यात. पालकांनी खर्च करायचाच तर तो बुटांवर.

सॅक उघडून बघा

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी सगळ्यांना भरलेल्या सॅकसकट बोलवा आणि सगळं जमिनीवर मांडायला लावा. हा तास म्हणजे अर्धी सहल. एकाच्या सॅकमधून तीन जीन्स निघतात, दुसरीच्यातून काचेच्या बरणीत लोणचं, तिसऱ्याकडे टॉर्च आहे पण सेल घरी. नव्या कोऱ्या बुटांची पेटी घेऊन आलेलं एक तरी मूल असतंच. ते बूट सहलीला पायात घालायचे नाहीत, आधी आठवडाभर शाळेत घालून मऊ करायचे. जुन्या बुटांचे तळ हातानं वाकवून बघा. कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा डिंक सुकतो आणि तळ नेमका वाटेत सुटतो.

वजनाचा हिशेब: सॅक मुलाच्या वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत असावी, फार तर २०. म्हणजे ४० किलोच्या मुलाला ६ ते ८ किलो. वजनकाटा आणून प्रत्येक सॅक खरंच मोजा. जास्त भरली तर आधी जीन्स काढा. सुती जाड कपडा भिजला की जड होतो, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. थंडीत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे एकावर एक घालावेत. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपताना घालण्यासाठी राखून ठेवायचा.

पावसाचा कोट, टॉर्च, शिट्टी, पाणी आणि थोडा खाऊ या पाच गोष्टी प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्ये, अगदी वर. सामूहिक सामान पॅट्रोलमध्ये वाटून. प्रथमोपचार पेटी मात्र शेवटी चालणाऱ्या लीडरकडे, कारण दुखापत झालेलं मूल मागे राहतं आणि पेटी पुढे गेली तर तिचा उपयोग काय.

पाणी चालताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. वाटेत मिळणारं पाणी उकळून प्यायचं असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. जेवणाचा बेत मुलांनी करावा, पण पहिल्या रात्रीचं जेवण एकाच भांड्यात आणि अर्ध्या तासात होईल असंच हवं. हौशीचे पदार्थ दुसऱ्या दिवशी.

हवामान बघून निर्णय

निघण्याच्या आधी चार दिवस रोज अंदाज बघा आणि तो जवळच्या शहराचा असेल तर उंचीचा फरक स्वतः काढा. हवा दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. त्यात वारा आणि ओले कपडे धरले तर खाली सुखद वाटणारा दिवस वर चांगलाच बोचतो.

सहल पुढे ढकलायचा निर्णय आदल्या संध्याकाळपर्यंत एकाच माणसानं घ्यायचा आणि त्यावर चर्चा नाही. सोबत पर्यायी बेत तयार हवा: खालची छोटी वाट, किंवा पथकाच्याच जागेत मुक्काम. मुलांना सांगायला काहीतरी असलं की रद्द करणं सोपं जातं, आणि आयत्या वेळी "बघू, गेल्यावर ठरवू" हा मोह टळतो.

वाटेवर

एक लीडर पुढे, एक सगळ्यात मागे. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही आणि पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, एवढा एकच नियम मुलांना पाठ असला तरी चालेल. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढच्या लीडरच्या लगेच मागे ठेवा. गटाचा वेग आपोआप त्याचा होतो आणि त्याला "मी मागे पडलो" असं वाटत नाही.

विसाव्याच्या वेळी एक अन्याय हटकून होतो. पुढची मुलं थांबतात, पाणी पितात, हसतात, मागचं पोर धापा टाकत पोचतं आणि तेवढ्यात पुढून हाक येते, "चला!" सगळ्यात जास्त गरज असलेल्याला सगळ्यात कमी विसावा. दहा मिनिटं मोजायला सुरुवात शेवटचा पोचल्यावर करायची.

डोकी मोजायची ती पॅट्रोल लीडरनं, नावानं. नुसता आकडा चुकतो. प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक फाट्यावर, ओढा ओलांडल्यावर.

पायाला चुरचुरायला लागल्याबरोबर सांगायचं, हे निघतानाच बजावा. तेव्हाच पट्टी लावली तर फोड येत नाही. तासाभरानं सांगितलं तर दोन दिवस गेले. आणि गप्प झालेल्या मुलावर लक्ष ठेवा. रडणारं, कुरकुरणारं मूल बहुतेकदा ठीक असतं. थंडीत अडखळायला लागलेलं, बोबडं बोलणारं, ज्याला कोटाची चेन लावता येत नाही असं मूल ताबडतोब थांबवून कोरड्या कपड्यांत गुंडाळायचं. उन्हात डोकं गरगरणारं, मळमळणारं मूल सावलीत आडवं करून पाणी पाजायचं, अंग ओलं करून वारा घालायचा. ते असंबद्ध बोलू लागलं किंवा ग्लानीत गेलं तर तोंडातून पाणी द्यायचं नाही. अंग गार करत राहून लगेच रुग्णालयाकडे निघायचं.

वाट चुकलेल्यानं काय करायचं? जिथे आहे तिथेच थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. डोंगरातला संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन. हे निघण्याआधी मैदानात खेळ म्हणून खेळून घ्या, नाहीतर रानात आठवत नाही.

वीज चमकली आणि गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. डोंगराच्या धारेवरून आणि एकट्या झाडापासून लगेच दूर व्हायचं, पक्की इमारत किंवा गाडी जवळ असेल तर तिकडे जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पुढे निघायचं नाही.

मुक्काम

उजेडात तंबू, मग स्वयंपाक, मग खेळ. क्रम बदलू नका. स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवायचा नाही, पावसातसुद्धा. आगीचा धोका दिसतो तरी, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकाच्या जागी आणि शौचाहून आल्यावर हात धुवायला साबण-पाणी बांधून ठेवा आणि तिथे एका मुलाला चक्क पहाऱ्यावर बसवा. शिबिरात पोटं बिघडतात ती बहुतेकदा अस्वच्छ हातांमुळे.

शौचालय नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर माती लोटून बंद. कागद आणि पॅड मागे पुरायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे. शेकोटी आधीच जळालेल्या जागीच, आणि विझवताना राखेत हात घालून ती गार लागेपर्यंत पाणी ओतायचं.

झोपण्याआधी उद्याचं थोडक्यात सांगा आणि रात्री कुणाला उठवायचं ते दाखवा, लीडरच्या तंबूवर एक छोटा दिवा टांगून. अंधाराला घाबरणारा मुलगा त्या दिव्याच्या बाजूला झोपला की पुरतं.

परत आल्यावर

तंबू त्याच संध्याकाळी पसरून वाळवा. ओले गुंडाळले तर आठवड्यात बुरशी धरतात. प्रथमोपचार पेटीतून जे वापरलं ते लगेच भरा आणि झालेली प्रत्येक दुखापत, किरकोळ असली तरी, तारखेसह लिहून पालकांना त्याच दिवशी सांगा. घरी बँडेज बघून त्यांना कळता कामा नये.

आठवडाभरात पॅट्रोलवार बैठक घ्या. प्रश्न तीनच: काय जमलं, काय पुन्हा करायचं नाही, पुढे काय हवं. मोठ्यांनी शेवटी बोलायचं. वेळेच्या पुठ्ठ्यावर ठरलेल्या वेळेशेजारी प्रत्यक्ष पोचलेली वेळ लिहून घ्या. पुढच्या सहलीच्या गणितात दीडपटीच्या जागी हेच आकडे येतील. मग पथकाची वही उघडा आणि प्रत्येक नावासमोर भर घाला: कोण रात्री नीट झोपलं, कुणी सगळ्यांना जेवायला वाढलं, कुणाचे बूट बदलायला हवेत, पुढच्या वेळी नकाशा कुणाच्या हातात द्यायचा.